टोपातले देव

दुसरा पेला बुडवला तेव्हा तळाशी टण्ण झालं. पहिला मी घटाघटा संपवला होता. पेणहून निघालेली रोहा पॅसेंजर कासूला क्रॉसिंगसाठी पाऊण तास उभी, वर वैशाखाचं ऊन, स्टेशनातल्या नळाला नुसता फुसकारा, आणि तिथून म्हैपतीच्या बिऱ्हाडापर्यंत पायपीट. घरात शिरलो तो कुणाला काही न विचारता सरळ स्वयंपाकघरात. माठाची जागा रिकामी होती. खिडकीखाली झाकण घातलेला पितळी टोप दिसला, आत पाणी स्वच्छ दिसलं, पेला घातला आणि प्यालो. टण्ण झालं म्हणून वाकून बघितलं तर तळाशी बाळकृष्ण रांगत होता, आणि त्याच्या शेजारी कुळदेवांचे तीन टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले खंडोबा, एकवीरा आणि बहिरी, उताणे पडलेले. देव पाण्यात घातले होते. म्हणजे घरातलं आजारी माणूस उठून बसेपर्यंत आता यांना वर काढायचं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही आपली देवाशी वागायची रीत. मी पेणच्या एका लॅबमध्ये गेली अकरा वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासतो, त्यामुळे मला पहिली आठवण झाली ती जंतूंची. मग राग आला. म्हैपतीच्या बायकोचा, चंद्रावतीवहिनींचा आला, त्यांना हे सुचवणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त पलीकडच्या खोलीत खाटेवर पडून हे सगळं चालू देणाऱ्या म्हैपतीचा आला.

महिपती, आमच्या तोंडी म्हैपती, माझा पाचवीपासूनचा मित्र. दोघंही पेणकडच्या खाडीकाठच्या खारातले, दोघांचे बाप मिठागरावर कामाला. मी मायक्रोस्कोपला चिकटलो, तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला लागला. अडतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. त्याचा पहिला रिपोर्ट मीच काढला होता. आकडा बघून मी मशीन बिघडलंय असं ठरवलं, दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं, आणि मग तोंड धुऊन आलो. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी पनवेलला डायलिसिस. मी सकाळच्या पॅसेंजरनं रोह्याला यायचं, भाड्याच्या ट्रॅक्स जीपमध्ये त्याला घालायचं, चार तास रक्त धुऊन होईपर्यंत बाहेर बाकड्यावर बसायचं, परत आणायचं. मधल्या दिवशीही सवड झाली की मी येतच होतो. त्याच्या अंगातून पाणी बाहेर पडायचा रस्ताच बंद झालेला, म्हणून पाणी मोजून. दिवसाला साडेसातशे मिली, त्यात आमटी आणि चहाही धरायचा. जास्त झालं तर ते पायात साठतं, मग पोटात, मग फुफ्फुसात, आणि माणूस अंथरुणात कोरड्या कपड्यांनिशी बुडतो. चंद्रावतीवहिनी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं त्याला पाणी द्यायच्या. त्याला दिसू नये म्हणून माठ त्यांनी शेजारच्या हौसाबाईंच्या पडवीत नेऊन ठेवला होता आणि स्वतः तहान लागली की तिकडे जाऊन पीत होत्या. घरात न मोजलेलं पाणी असं उरलं होतं ते फक्त देवांचं.

वहिनी आत आल्या त्या हौसाबाईंकडूनच. मी घाईनं टोपावर झाकण ठेवलं आणि पेला पाठीमागे धरला. त्यांनी झाकण उचललं, आणि उचललेलं झाकण हातात तसंच राहिलं. टोपाला आतून त्यांनी हळदीच्या बोटानं रेघ ओढली होती, पाणी त्या रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली गेलेलं. "प्याले," त्या म्हणाल्या, मला नव्हे, कुणालाच नव्हे. मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, बघितलंत? सासूबाई बोलायच्या, मानसाच्या वाट्याचं पानी देव पितात. ह्यांच्या आंगातलं ओढून घेतलं त्यांनी." ठमाबाई, म्हणजे म्हैपतीची आई, जाऊन सहा वर्षं झाली होती आणि अजून ती या घरात चुकीची माहिती पुरवत होती. मी तोंड उघडलं होतं. 'वहिनी, मी प्यालो,' एवढे तीन शब्द. आजाराच्या चार महिन्यांत त्या बाईच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटलेला मी पाहिला नव्हता म्हणून मी गप्प बसलो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण इतकं थोर नव्हतं. मला लाज वाटली. देवाच्या भांड्यात उष्टा पेला बुडवलेला, आणि तो अजून माझ्या पाठीमागे. वहिनींनी रेघेपर्यंत पाणी पुन्हा भरलं, कुंकू वाहिलं. मधल्या दारातून म्हैपती खाटेवरून सगळं बघत होता. त्यानं मला डोळा मारला.

त्या डोळा मारण्यानं मला बरं वाटलं होतं, हे आज लिहितानाही तोंड कडू होतं. मला वाटलं, हा अजून आमच्यातलाच आहे. कारण आमची दोस्तीच मुळी देवाच्या नावानं थुंकण्यावर झालेली. मी अकरा वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ जनू काविळीनं पडला. माझ्या आईनं असेच देव पाण्यात घातले, आणि पेणला डॉक्टरकडे न्यायच्या ऐवजी टोपासमोर बसून राहिली. चौथ्या दिवशी जनू गेला. ते मी सोसलं असतं. पण सुतक फिटल्यावर आईनं त्या देवांना बाहेर काढलं, पदरानं एकेकाचं तोंड पुसलं आणि त्यांना म्हणाली, "चुकलं रे माझं, कोंडून ठेवला तुमाला." माफी तिनं मागितली. माझा भाऊ मारून ते बसले होते आणि माफी माझी आई मागत होती. मी घरातून पळालो तो खाडीच्या बांधावर जाऊन बसलो. म्हैपत मागोमाग आला. शेजारी बसला, आणि गावदेवीच्या देवळाच्या दिशेनं तोंड करून लांबवर थुंकला. मग मी थुंकलो. तोंडाला कोरड पडेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं थुंकत होतो. तिथपासून सत्तावीस वर्षं मी कुठल्या देवळाची पायरी चढलो नाही, लग्नपत्रिकेवरचा गणपती दिसला तरी माझं डोकं फिरायचं, आणि हा माणूस जगात आहे तोवर मी एकटा नाही असं मला वाटायचं. हे असं कधी मी त्याला सांगितलं नाही. सांगतात का कुणी?

पुढच्या तीन आठवड्यांत वजन चढू लागलं. दोन डायलिसिसच्या मधे दोन किलोच्या वर जाता कामा नये, त्याचं साडेतीन झालं, मग चार, मग साडेचार. पाय दाबले तर बोटाचा खळगा तसाच राहायचा. पनवेलच्या डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मी घरचा नाही हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. "पेशंट मारायचाय का तुम्हाला?" ते म्हणाले. मी ते जसंच्या तसं खाली आणून, त्या दिवशी बरोबर आलेल्या आणि बाकड्यावर बसलेल्या वहिनींच्या अंगावर ओतलं. मोजता येत नाही का, टोपण किती वेळा भरता, आमटी धरता की नाही. आजूबाजूचे लोक ऐकत होते आणि ते ऐकतायत म्हणून मला अजूनच चेव येत होता. वहिनी रडल्या नाहीत. "एक थेंब वर नाय जात भावजी," त्या म्हणाल्या. "उलट कमीच होयाला पायजे. देव आता रोज पितायत. दोनदा भरते मी टोप." मी विचारलं, रोज? "रोज," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर पुन्हा तो आनंद आला, इतक्या लोकांत, इतकं बोलून घेतल्यावरही. मी तर एकदाच प्यालो होतो. येताना ट्रॅक्समध्ये बराच वेळ मी म्हैपतीकडे बघितलं नाही. नागोठण्याला अंबा नदीच्या पुलावर तो काच खाली करून पाण्याकडे बघत होता. पाण्याकडे असं बघणारा माणूस मी कधी पाहिला नाही, आणि देव करो पुन्हा बघायला न मिळो, असं लिहिणार होतो. जुनी सवय नसलेल्या माणसाच्याही हातून असली वाक्यं येतात.

रविवारी भरदुपारी मी पुढच्या खोलीत सतरंजीवर पडून झोपेचं सोंग घेतलं. वहिनी हौसाबाईंकडे तांदूळ निवडायला गेल्या. थोड्या वेळानं खाट करकरली. भिंतीला धरत तो उठला, सुजलेली पावलं फरशीवर घासत गेला. मी मागून गेलो. गुडघे टेकून त्यानं टोपाला सरळ तोंड लावलं होतं. ओंजळ नाही, पेला नाही. गुरासारखा पीत होता, मधे श्वास घ्यायला तोंड वर काढत होता, हनुवटीवरून पाणी पुन्हा देवांवर पडत होतं. मी त्याच्या बनियनला धरून मागे ओढलं. तो खाली बसला, भिंतीला टेकला आणि हसला. "तूच दाखवलीस ना वाट," तो म्हणाला. "तू प्यालास त्या दिवशी मला कळला, ह्या घरात बिनमोजलेला पानी हाय."

"मरशील भडव्या."

"काळ्या, तहान काय असते तुला ठाव हाय? जीभ टाळ्याला चिकटते, ती बोटानं सोडवावी लागते. सपनात मी मिठागराचा पानी पितो. खारा. तरी पितो."

"आणि तिला वाटतंय देव पितात. रोज दोनदा भरते ती. स्वतःच्या हातानं पाजते तुला विष."

"खुशीत हाय ना पन," तो म्हणाला. "तिला नको सांगू. एवढा ऐक माझा."

त्यानं माझा हात धरला, त्याची बोटं ओली होती. आणि मी तिथं शांत राहू शकलो असतो. नुसतं दुसऱ्या दिवशी येऊन टोपात कडुनिंबाचा पाला चुरून टाकला असता तरी काम झालं असतं, न बोलता, कुणाचं काही न मोडता. पण सत्तावीस वर्षांचा माझा हिशोब होता आणि तो चुकता करायला मला ही दुपार सापडली होती. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या तसं मी मोठ्यानं, लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट देतो त्या आवाजात म्हणालो, "देव नाही प्यायले, वहिनी. तुमचा नवरा पितो. आणि पहिल्या दिवशी मी प्यालो होतो." बोलताना मला गोड लागलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

वहिनी आत आल्या. तांदळाचं सूप त्यांनी खाली ठेवलं. मग टोपात हात घालून एकेक देव बाहेर काढला, पुसला नाही, ओलाच कोनाड्यात उभा केला, आणि टोप उचलून मोरीत पालथा घातला. ते पाणी जाताना बराच वेळ आवाज होत राहिला. म्हैपती त्या आवाजाकडे कान देऊन बसला होता. "मला येडी बनवलात दोघांनी," त्या शेवटी म्हणाल्या. "चार लोकांना सांगितला मी. हौसाबाय पाया पडून गेली टोपाच्या. तुमी हसत असाल." मी हसलो नव्हतो. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि का ठेवावा?

मंगळवारी पोचलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोन उशांवर डोकं, तरी श्वासाबरोबर आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. ट्रॅक्स दहाला यायची होती. "येत नाय मी," तो म्हणाला. सोमवारपासून त्यानं हेच लावलं होतं, वहिनी थकून गप्प झाल्या होत्या. मी समजावलं, शिव्या दिल्या, आजचं डायलिसिस चुकलं तर शुक्रवार दिसणार नाही हे आकड्यांसकट सांगितलं. आकडे ऐकून त्यानं मान वळवली. डोळे सुजून बारीक झाले होते. "मी पीत होतो ते मला ठाव हाय रे," तो थांबत थांबत म्हणाला. "देव नाय पीत. येवढा बावळट नाय मी. पन ते आत होते ना. माझ्यासारखेच. नाकातोंडात पानी. रातचा मी हितं गुदमरायचो तवा ते तितं गुदमरत असायचे. सोबत होती. आता ते वर बसलेत सुके, आनि मी एकटाच बुडतोय." मग पुन्हा भिंतीकडे वळला. मी खाटेशेजारी उभा होतो. खाडीच्या बांधावर माझ्या शेजारी बसून थुंकणारा माणूस मला सांगत होता की त्याला सोबत मी नव्हे, त्या टोपातल्यांनी केली. मी कासूला पाऊण पाऊण तास सडलो होतो ते कशासाठी? मला त्याला खाटेवरून खाली ओढावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या छातीतून तो आवाज आला, तसा मी आत वळलो.

स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होत्या. मी म्हणालो, देव पुन्हा पाण्यात घाला. त्या थापतच राहिल्या. "मी नाय घालायची. माझी लाज काढलीत. हौस तुमाला, तुमी घाला. तुमचा नाय ना इस्वास? मग तर काय भ्यायचं पन कारन नाय." त्यांनी भाकरी तव्यात टाकली. त्यांच्या बोलण्यात मला दुखवायची इच्छा होती आणि ती त्यांना शोभत नव्हती. मी ती त्यांना शिकवली होती.

मी हौसाबाईंच्या पडवीतून टोप भरून आणला. कोनाड्यातून चौघांना उचललं. मनात स्वच्छ होतं की हे नाटक आहे. म्हैपतीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं करायचं, तो उठला की झालं. "चला," मी ओरडलो, "चला आत." बाळकृष्ण टाकला. खंडोबा टाकला, बहिरी टाकला. एकवीरेचा टाक पातळ होता, तो तिरका होऊन तरंगल्यासारखा हळूहळू खाली जाऊ लागला, तसा मी हात घालून त्याला तळाशी दाबला. दाबला आणि सोडवेना. पेणला आल्यापासून तोंडातून गेलेली गावची बोली कुठून कशी वर आली कळलं नाही. "रावा आता हितंच," मी म्हणालो. "आमचा जनू चार दिस तळमळला, तवा कुटं व्हतात तुमी? माझे आयशीला माफी मागायला लावलात. लाज नाय वाटली तुमाला? चार दिसांत पोर न्हेलात आनि वर पूजा घेतलीत तिच्याकडनं. ह्याला नाय देनार. ऐकताय काय? ह्याला नाय न्यायचा. हा न्हेलात तर मी तुमाला खाडीत नाय टाकायचा, गाळात पुरीन, वर बांध घालीन, तुमचा नाव घ्यायला मानूस ठेवनार नाय." माझा आवाज फाटला होता. कोपरापर्यंत हात पाण्यात होता, आणि बोटांखालचा टाक तळावर खडखड वाजत होता. भाकरी करपल्याचा वास येत होता आणि कुणी ती उलटत नव्हतं.

मग मी गप्प झालो, आणि गप्प झाल्यावर भ्यालो. सत्तावीस वर्षं मी नाही नाही म्हणत होतो आणि सत्तावीस वर्षं मी याच चौघांशी भांडत होतो. इतक्या जुन्या वैराला समोर कुणीतरी असावं लागतं. मला त्यात आनंद झाला नाही. कुणी डोक्यावर हात ठेवला असं काही वाटलं नाही. ते होते, इतकंच. ते ऐकत होते, मला ते आवडत नव्हते, आणि माझ्या मित्राचा जीव त्यांच्याकडे होता. इतकं असहाय्य मला त्याचा पहिला रिपोर्ट काढतानाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान मशीनवर संशय घेता आला होता.

पलीकडून आवाज आला. "काळ्या. किती पानी घातलास?"

"नाकाच्या वर," मी म्हणालो.

बराच वेळ नुसते बुडबुडे ऐकू येत राहिले. मग खाट करकरली. "गाडी कितीला हाय?"

"दहाला."

"लुंगी बदलायला पायजे," तो म्हणाला. "ही ओली झालेय."

झालं होतं काम. नाटक ज्यासाठी होतं ते संपलं, आता हात बाहेर काढून पुसायचा, त्याला लुंगी द्यायची, औषधांची पिशवी घ्यायची. मी हलत नव्हतो. वहिनी तव्याजवळून उठून कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही. त्या टोपाकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या पावलांकडे बघत होत्या, स्टेशनापासून चालत आलेल्या, धुळीनं घोट्यापर्यंत मळलेल्या.

"पाय नाय धुतलेत," त्या म्हणाल्या. "तसेच हात लावलात देवांना."

एरवी यावर मी काय काय बोललो असतो. मी उठलो, मोरीत गेलो, आणि दोन्ही पाय घासून घासून धुतले.